मुक्काम पोस्ट भिवरगाव

आमच्या घरात समुद्र आला तो धरणामुळे. भीमा नदी होती तोवर माझे वडील, तात्या, तिच्या दोन काठांमध्ये नाव चालवायचे. बाजारकरी, नवऱ्या मुली, शेळ्या, एकदा तर शाळेचं कपाट, असं सगळं त्यांनी अलीकडून पलीकडे नेलेलं. धरण भरलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. जिथे हाक मारली की पलीकडचा माणूस ओ द्यायचा तिथे एवढं पाणी पसरलं की पलीकडचं झाडही दिसेना. तात्यांची नाव त्या पाण्याला पुरी पडणारी नव्हती. दोन-चार वर्षं त्यांनी मासेमारी केली, पण त्यात त्यांचं मन रमलं नाही. माणसं नेण्याची सवय झालेल्याला मासे आणणं कमीपणाचं वाटायचं. मग कोकणातल्या एका ओळखीच्या माणसाने त्यांना मालवाहू जहाजावर लावून दिलं. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. तात्या भंडारी झाले. ज्या माणसाने घरी कधी चुलीपुढे फुंकणी धरली नव्हती तो बावीस माणसांचा स्वयंपाक करू लागला, याचं आईला मरेपर्यंत हसू यायचं.

गाव उठलं तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले. आम्ही सतरा घरं वरकुट्याच्या शिवाराला लागून पाण्याजवळच राहिलो, त्याला भिवरगाव नंबर एक म्हणायचे. बाकीच्या साठेक घरांना बारामती तालुक्यात, सोमेश्वरनगरकडे कालव्याखाली जमिनी मिळाल्या. ते भिवरगाव नंबर दोन. मोठा तुकडा तिकडे गेला म्हणून पोस्ट ऑफिसही तिकडेच गेलं, शिक्क्यासकट. त्यामुळे पाकिटावर नुसतं ‘मु. पो. भिवरगाव’ लिहिलं की ते पाकीट नंबर दोनला जायचं. हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक होतं. म्हणूनच तात्यांची पत्रं इंदापुरात अत्तारांच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर यायची. आई रविवारी बाजाराला जायची तेव्हा अत्तारचाचा आधी पत्र पुढे करायचे आणि मग विचारायचे, “काय देऊ, वहिनी?”

तात्यांना लिहिता येत नव्हतं. सही शिकले होते, तीही जहाजाच्या कागदांपुरती. पत्रं त्यांचा एक सोबती लिहायचा, रत्नागिरीकडचा. त्यामुळे तात्या आमच्याशी पत्रात फार शुद्ध बोलायचे, ‘तुमची प्रकृती उत्तम असावी’ वगैरे, आणि सुट्टीवर आले की उंबऱ्यातूनच ओरडायचे, “कुठं मेली सगळी? भूक लागलीया!” त्या दिवशी आई चिलापी माशाचं कालवण करायची, दाण्याचं कूट आणि काळं तिखट घालून. तात्या पहिल्या घासाला डोळे मिटायचे. जहाजावर बाजरी मिळत नाही, मैदा मिळतो, त्याच्या भाकरी थापून पाहिल्या तर त्या पापडासारख्या फुटल्या, हे ते दर खेपेला नव्याने सांगायचे. घरी आले की पहिले आठ दिवस त्यांना झोप लागत नसे. जमीन हलत नाही म्हणून त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. दुपारी काठावर जाऊन जुन्या नावेत आडवे व्हायचे तेव्हा कुठे डोळा लागायचा, आणि आम्हाला घरापर्यंत त्यांचं घोरणं आणि नावेला लागणारं पाणी असे दोन्ही आवाज ऐकू यायचे.

मी दहावी झालो त्या उन्हाळ्यात तात्यांना नव्या जहाजावर नोकरी मिळाली आणि त्यासाठी एक छापील अर्ज भरायचा होता. अर्ज इंग्रजीत होता आणि घरात इंग्रजी येणारा मी एकटा. अंगणात पाट घेऊन बसलो. घरचा पत्ता, या रकान्यापाशी आलो तेव्हा तात्या सहज म्हणाले, “अत्तारचाचाच्या दुकानाचा घाल. पत्रं तितंच येत्यात.”

“तसं चालत न्हाय, तात्या. रेशनकार्डावर हाय तोच लिवायचा.”

“आरं पर रेशनकार्डावर नुसतं भिवरगाव हाय.”

“मग तेच लिवायचं. सरकारी अर्जात खोटं लिवलं तर अर्ज रद्द होतो.”

असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. परीक्षेच्या अर्जाबद्दल सरांनी वर्गात काहीतरी म्हटलं होतं, तेवढ्यावरून मी ते तात्यांना ऐकवलं. निदान ‘नंबर एक, वरकुट्याजवळ’ असं पुढे जोडता आलं असतं. रकान्यात जागाही होती. पण रेशनकार्डावर ते शब्द नव्हते, म्हणून मी लिहिले नाहीत. तात्या आईला म्हणाले, “बघितलं का? साहेब हाय आपला साहेब. एक अक्षर हिकडचं तिकडं करू देत न्हाय.” आणि खाली सही केली. पुढे मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकोणतीस हंगाम काढले. काटेकोर माणूस म्हणून माझं नाव आहे, निरोप समारंभातही सगळे तेच बोलले. तेव्हा मला तो रकाना आठवला.

दीड वर्ष सगळं नीट चाललं, कारण पत्रं अत्तारांकडेच येत होती आणि त्या अर्जावरच्या पत्त्याचं कुणाला काम पडलं नव्हतं. मी बारामतीला कॉलेजात बारावीला होतो तेव्हा पत्रं थांबली. शेवटचं पत्र मोंबासा बंदरातलं होतं, आफ्रिकेतलं. एक महिना गेला, दोन गेले. आई दर रविवारी अत्तारांकडे जायची आणि चाचा तिला बघताच पोत्यांमागे काहीतरी शोधायला लागायचे. त्यांना ‘न्हाय’ म्हणवत नव्हतं. गावात बोलणं सुरू झालं. नळावर एक बाई आईला म्हणाली, “खलाशाचं काय घिऊन बसलीस, दर बंदराला त्यांचं एकेक घर आसतं.” आईने हंडा उचलला आणि म्हणाली, “आसंल. तितं मैद्याच्या भाकरी खाऊन कट्टाळला की यील हिकडंच.” हे तिने मला हसत सांगितलं. पण त्या दिवशी ती जेवली नाही.

पाचव्या महिन्यात तिने मला सांगितलं, “शिवा, मुंबईला जा. ज्या हापिसानं त्येंना लावलं तितं इच्यार.” मी म्हणालो, परीक्षा आहे. परीक्षा झाली तेव्हा म्हणालो, निकाल लागू दे. खरी गोष्ट अशी की नळावरच्या बाईचं बोलणं आईने हसण्यावारी नेलं, पण मला ते पटलं होतं. मला वाटत होतं, तात्या आम्हाला सोडून गेले आहेत आणि हे एखाद्या कारकुनाच्या तोंडून ऐकायला मी कशाला जाऊ. असे सहा महिने मी काढले. ते सहा महिने मी नंतर पुष्कळदा मोजले आहेत, कारण त्यांचा हिशोब सरळ आहे. पाचव्या महिन्यात गेलो असतो तर तात्या कुठे आहेत ते कळलं असतं, आणि सहाव्या महिन्यात ते गुजरातेतल्या कांडला बंदरात उतरले तेव्हा धक्क्यावर मी उभा असतो.

अकराव्या महिन्यात गेलो. गोदीजवळच्या त्या ऑफिसातला कारकून वयस्कर होता, चांगला माणूस. त्याने फाईल काढली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. “आता आलात?” तात्या खवळलेल्या समुद्रात जिन्यावरून पडले होते, डावा पाय मोडला होता, मोंबासाच्या इस्पितळात होते. घरच्यांनी बंदरावर येऊन ताब्यात घ्यावं म्हणून रजिस्टर पत्र गेलं होतं. त्याची पोचपावती आली होती, अंगठा उठवलेली. उत्तर आलं नाही. शेवटी त्यांना एका जहाजाने कांडल्याला आणून उतरवलं, त्याला पाच महिने झाले. “पत्ता चुकीचा होता का?” असं त्याने विचारलं आणि अर्ज माझ्यासमोर ठेवला. अक्षर माझं होतं. वळणदार, एकही खाडाखोड नाही. मी म्हणालो, “नाही. पत्ता बरोबर आहे.”

मुंबईहून मी घरी न जाता सरळ भिवरगाव नंबर दोनला गेलो. तिथे आमच्या भावकीतलं सगळ्यात थोरलं माणूस म्हणजे तात्यांचे चुलतभाऊ. त्यांना सगळे आबा म्हणायचे; तात्यांना रामा म्हणून हाक मारणारे तेवढेच. धरणाच्या आधी दोघांनी एकाच नावेवर वल्ही मारलेली. आमच्या मल्लाव आडनावाचं कुठलंही टपाल पोस्टमन आबांच्या हातात द्यायचा, तशी रीतच होती. मी विचारताच आबा आत गेले आणि पत्र्याची पेटी घेऊन आले. पेटीत धरणाच्या खटल्याचे कागद होते. नोटिसा, नकाशे, वकिलाची पत्रं, सगळं एका लाल फडक्यात. त्यातच ते पाकीट होतं, न फोडलेलं.

“इंग्रजी व्हतं, वर शिक्का व्हता,” आबा म्हणाले. “मला वाटलं धरणाचा कागुद. आपल्याला दुसरं कोन पत्तुर धाडतंय? पुढच्या तारखंला वकिलाला दावणार व्हतो, तर तारीखच लागंना. का रं, काय हाय त्यात?”

धरणात गेलेल्या माणसांनी तोवर दहा वर्षं हेच केलं होतं. इंग्रजी कागद आला की अंगठा द्यायचा, पेटीत ठेवायचा, तारखेची वाट बघायची. मी त्यांना काय आहे ते सांगितलं. आबा म्हणाले, “रामाचा पाय...” आणि मग, “आरं पर हितला पत्ता कुनी घातला?” मी पाकीट खिशात घातलं आणि म्हणालो, “गाडी चुकंल माझी.” त्यांनी आत हाक मारून चार भाकरी आणि ठेचा बांधून दिला. कांडल्याला जाईपर्यंत तेच खात गेलो.

तात्या सापडायला वेळ लागला नाही. बंदराच्या फाटकावर विचारलं तेव्हा लोक म्हणाले, तो लंगडा मराठी भंडारी ना, ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर बघ. ढाब्याच्या मागच्या बाजूला ते पोत्यावर बसले होते, डावा पाय पुढे सरळ ठेवून, परातीत कणीक मळत. दाढी पांढरी झाली होती. मला बघून त्यांचे हात थांबले, पण उठले नाहीत.

“आईनं धाडलं?”

“व्हय.”

“लवकर धाडलं.” आणि पुन्हा कणीक मळायला लागले. “मी तिला बोल लावत न्हाय. लंगड्या मानसाचं करनार काय ती. पर अंगठा तिनं कशाला दिला? पाकीटच घ्यायचं न्हवतं. मी म्हनलो आसतो, मिळालंच न्हाय.”

तेव्हा मला कळलं. जहाज कंपनीच्या कांडल्यातल्या एजंटने त्यांना पोचपावतीची नक्कल दाखवली होती. आईही अंगठाच उठवायची. एका अंगठ्याचा डाग दुसऱ्यासारखाच दिसतो. पाच महिने हा माणूस तो अंगठा आईचा समजून परक्या मुलखात कणीक मळत होता.

“तात्या, तो आईचा न्हाय. आईला म्हाईतच न्हाय काय. तो आबांचा हाय, नंबर दोनच्या.”

“आबाचा?” त्यांचा चेहरा असा बदलला की मला वाटलं, आता रडतील. “माझा कागुद आबाकडं कसा गेला?”

इथे एकच वाक्य बोलायचं होतं. मी पत्ता तसा लिहिला म्हणून गेला. तात्यांना अर्ज आठवत नव्हता, अडीच वर्षांपूर्वीचा एक रकाना कुणाला आठवतो? मी म्हणालो, “पोस्टमननं त्यांच्याकडं दिला. त्यांनी पेटीत ठेवला. नऊ महिने. कुणाला बोलले न्हाईत.” यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. तात्यांनी परात बाजूला सारली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले. परतीच्या गाडीत ते दोन दिवस बोलत होते. जहाज आडवं व्हायला लागलं तेव्हा भांड्यांना दोर बांधायला ते जिन्यावरून कसे धावले, वरणाचं पातेलं आधी सुटलं की पाय आधी घसरला, पत्रं लिहिणारा सोबती त्याआधीच दुसऱ्या जहाजावर गेल्यामुळे इस्पितळातून घरी पत्र कसं धाडता आलं नाही, मोंबासाची नर्स त्यांना ‘बाबू’ कशी म्हणायची. पण मधेच म्हणायचे, “आबानं असं करावं?” दर वेळी मी खिडकीबाहेर बघायचो.

तात्या घरी आल्याचं कळताच तिसऱ्या दिवशी आबा आले. सकाळची वेळ, आई अंगणात लसूण निवडत होती, तात्या भिंतीला टेकून जाळं विणत बसलेले. आबांच्या डोक्यावर गुळाची ढेप होती, कालव्याखालच्या त्यांच्या उसाची. त्यांनी ती खाली ठेवली. तात्यांनी मान वर केली नाही.

“रामा, चुकलं माझं. आडानी मानूस मी.”

“आडानी मी बी हाय,” तात्या म्हणाले. “पर दुसऱ्याच्या दारचा कागुद मी नऊ महिनं दाबून ठिवला नसता.”

“दाबून न्हाय रं! धरणाचा वाटला. पाकिटावर गाव आमचंच व्हतं.” आणि मग ते माझ्याकडे वळले. “शिवा, तू शिकल्याला हायस. तू वाचलंयस पाकीट. सांग की तुझ्या बाला, वर आमच्याच गावचा पत्ता व्हता का न्हाय?”

आईचे हात थांबले. तात्याही माझ्याकडे बघायला लागले. आबांच्या नजरेत संशय नव्हता, नुसती आशा होती. एक शिकलेला पोरगा आपल्या बाजूने खरं सांगेल, एवढीच. मी म्हणालो, “गावाचं नाव एकच आहे, आबा. पण माणूस कोण ते विचारायला नको होतं का तुम्ही कुणाला तरी?”

आबांनी डोक्यावरची चुंबळ काढून खांद्यावर टाकली. आईने चहा टाकते म्हटलं, तर म्हणाले, “नगं, वैनी. येष्टी हाय साडेधाची.” साडेदहाची एसटी नव्हती. सव्वाअकराची होती. मला सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ होत्या. गुळाला तात्यांनी हात लावला नाही. तो मुंग्या लागून गेला.

मग वर्षं गेली. माझं लग्न झालं तेव्हा नंबर दोनला पत्रिका गेली नाही. आबांच्या मुलाच्या लग्नाची आली, तात्यांनी ती वाचून घेतली नाही. दर वेळी मला वाटायचं, आज सांगू. आई गेली तेव्हा आबा मातीला आले होते, लांब उभे राहिले, डोळे पुसून निघून गेले. मग एका सकाळी आबा गेल्याचा निरोप आला. मी तात्यांना म्हणालो, चला. ते म्हणाले, “तू जा. भावकीतलं एक मानूस जावं लागतं.” मी मोटारसायकलने गेलो, खांदा दिला, परत येऊन अंगणात आंघोळ केली. तात्यांनी काही विचारलं नाही. आमच्यात भाऊ भावाच्या मातीला गेला नाही तर संबंध कायमचा तुटला असं धरतात; निदान त्याच्या नावाने दुसऱ्या कुणी मयताच्या तोंडात पाणी घातलं तरच तो टिकतो. ते मला ठाऊक होतं. तरीही मी त्या दिवशी एकटा गेलो.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना सांगितलं. निमित्त काही मोठं नव्हतं. आबांचा नातू काटा ओलांडून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवर मला भेटला होता, आबांसारखंच नाक, तो वाकून माझ्या पाया पडला. घरी आलो आणि दुपारचं जेवण झाल्यावर तात्यांपुढे बसलो. तात्या आता ब्याऐंशीचे आहेत, ऐकायला नीट येतं. मी अर्ज, रकाना, रेशनकार्ड, सगळं क्रमाने सांगितलं. सहा महिनेही सांगितले. आबांनी अंगणात मला काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं, तेही.

ते बराच वेळ पायाच्या जुन्या वणावर हात फिरवत राहिले. मी म्हणालो, “तात्या, पत्ता मी चुकवला.”

“पत्त्याचं काय घिऊन बसलास,” ते म्हणाले. “सोळा वर्साचं पोरगं तू. सही माझीच व्हती.” मग विचारलं, “तितं कोन कोन व्हतं मातीला?”

मी नावं सांगितली. खांदेकरी कोण होते ते सांगितलं.

“तोंडात पानी घालताना आदी कोन गेलं?”

“त्यांचा मुलगा. मग भावकी, वयाप्रमाणं.”

“मंजी पोराच्या मागनं पयला नंबर माझा.”

“व्हय.”

“मग माझ्या नावानं पानी घातलंस का तू?”

मी म्हणालो, “न्हाय, तात्या.”